आमचं दुबई झालेलं हाय

भाऊसाहेब कुठल्याही लग्नाला मुहूर्ताच्या तीन तास आधी पोचायचे. मांडववाले टेम्पोतून खुर्च्या उतरवत असायचे, आचारी कांदे चिरायला बसलेला असायचा आणि मुलीच्या बापाला अर्धी दाढी झालेली असतानाच निरोप जायचा, की दिंद्रुडचे भाऊसाहेब आलेत. मग भाऊसाहेब पहिल्या उतरलेल्या खुर्चीवर बसायचे, कापडी पिशवी मांडीवर घ्यायचे आणि तीन तास हलायचे नाहीत. मुहूर्ताची वेळ झाली आणि नवरदेव अजून पारावर वाजंत्रीपुढे नाचत असला, तर उठायचे, हातातल्या अक्षता शेजारच्या माणसाच्या मुठीत द्यायचे, "आमचा टाइम झाला" म्हणायचे आणि न जेवता घरी यायचे. मागून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. काकूंनी किती लग्नं अशी उपाशी केली ते त्यांनाच माहीत.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं भाड्याने राहिले. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचे. माझं गाव लांब, कड्याकडचं, रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं. त्यांच्या घराची वरची खोली मिळाली. ग्रामसेवकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात. हे निवृत्त झाले तरी भाऊसाहेबच राहिले, बायकोसाठीसुद्धा. काकू त्यांना हाक मारताना "अवो भाऊसायेब" म्हणायच्या आणि त्यात थट्टा नसायची.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. ग्रामपंचायतीच्या जुन्या छापील फॉर्मची मागची कोरी बाजू, त्यावर फूटपट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, वेळ, बाब, जबाबदारी आणि शेवटी शेरा. नळ किती वाजता येतो, कोणी किती हंडे भरायचे, जिन्याचा दिवा कोणी बंद करायचा, सगळं त्यात होतं. माझं नाव आधीच घातलेलं होतं. मी अजून खोली घेते म्हणालेही नव्हते.

"नियोजन पायजे, मॅडम," ते म्हणाले. "माज्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एकबी काम नियोजनाबाहेर झालं न्हाई."

ते खरं असावं. घरात दिवाळीच्या पहाटेचा तक्ता लागायचा, कोणाचं तेल-उटणं किती वाजता, कोणाची आंघोळ किती मिनिटं. मुलगा पुण्याला एका कंपनीत होता. तो, सून आणि सहा वर्षांची नात यांची नावं तक्त्यात असायची. ते आले नाहीत की भाऊसाहेब त्यांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात "निरंक" लिहायचे. सरकारी अहवालात काहीच नसलं की लिहितात तो शब्द. लागोपाठ दोन दिवाळ्या मी तिथे निरंक पाहिलं.

कोणाला वाटेल, माणूस नुसताच विक्षिप्त होता. तसं नाही. माझे वडील अंबाजोगाईला दवाखान्यात होते तेव्हा माझं डोकं चालेना. भाऊसाहेबांनी अर्ध्या तासात कागद तयार केला. कोणती एस.टी., कोणत्या खिडकीवर कोणता कागद, वडिलांपाशी कोणत्या दिवशी कोणी बसायचं. अकरा दिवसांच्या त्या तक्त्यात त्यांनी स्वतःचं नाव दोनदा घातलं होतं आणि दोन्ही वेळा ते आले. स्टुलावर ताठ बसून राहिले. वडील अजून त्यांचं नाव काढतात. म्हणून त्यांच्याविषयी वाईट लिहायला बसले की माझा हात अडखळतो. पण लिहायला तर हवं.

काकू वाण्याची लेक. माहेरचं किराणा दुकान, लहानपण गल्ल्याशेजारी गेलेलं. तीळ तळहातावर चोळून त्या सांगायच्या, की हा यंदाचा की मागल्या सालचा. कारळं, जवस, शेंगदाणा यांच्या चटण्या त्या आधी घरापुरत्या करायच्या, मग गल्लीपुरत्या, मग माजलगावच्या चार दुकानांत जाऊ लागल्या. मी राहायला गेले तेव्हा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चटणी कुटायचा डंका बसला होता आणि अकरा बायका कामाला होत्या. दुपारी माझ्या खोलीच्या फरशीला डंक्याचे ठोके जाणवायचे. कारळं भाजल्याचा वास जिन्यातून वर आला, की पेपर तपासता तपासता मी थांबायचे.

भाऊसाहेबांना त्या धंद्याचा राग नव्हता. त्यांनी त्याची दखलच घेतली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हिचं आपलं कायतरी चालू असतंय मागं."

माझ्या तिसऱ्या वर्षी काकूंना एक पत्र आलं. धंदा करणाऱ्या बायकांना परदेशातल्या प्रदर्शनाला नेणारी एक संस्था होती, तिने काकूंचा माल निवडला होता. दुबईला तीन दिवसांचं खाद्यपदार्थांचं प्रदर्शन. तिकीट संस्थेचं, जागा संस्थेची, राहायचं नऊ बायकांनी मिळून. काकूंनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्यात माजंच नाव हाय ना?"

भाऊसाहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्मा काढला. मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "जायचंच हाय तर समदे जाऊ."

त्या दिवसापासून घरात दुसरं काही उरलं नाही. मुलाला फोन गेला. सुट्टी काढ, दोघींचे पासपोर्ट काढ, खर्चाचं मी बघतो. मुलगा आधी नाही म्हणाला, मग बघतो म्हणाला, मग बायकोने हट्ट धरला म्हणून हो म्हणाला. तो हो म्हणाला त्या संध्याकाळी भाऊसाहेब माझ्या खोलीत आले. एरवी ते जिना चढायचे नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "पोरगं फोनवर दोन मिनिटं बी बोलत न्हाई, मॅडम. हां, हूं, ठेवू का. तिथं आठ दिवस कुठं पळंल?"

त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यातच मी त्यांच्या बाजूची झाले, हे मला पुढे कळलं.

सहलीचा तक्ता माझ्या लॅपटॉपवर तयार झाला. ते सांगायचे, मी टाइप करायचे. आठ दिवस, बेचाळीस ओळी. समुद्र बघणे, वीस मिनिटे. काचेतले मासे, पस्तीस मिनिटे. जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर जाणे, तिकिटावरील वेळेनुसार. सातव्या ओळीवर ते जरा थांबले आणि म्हणाले, "इथं टाका, सौ. चे काम."

"काय काम लिहू?" मी विचारलं.

"तेवढंच टाका. सौ. चे काम. शेऱ्यात लिवा, लवकर उरकणे."

मी ते टाइप केलं.

निघायच्या आठवडाभर आधी रंगीत तालीम झाली. अंगणात घरातल्या खुर्च्या तीन-तीनच्या रांगेत मांडल्या. शेडमधल्या मोठ्या काट्यावर, ज्याच्यावर तिळाची पोती मोजायची, बॅगा मोजून झाल्या. मग भाऊसाहेबांनी आम्हाला बसवलं. मी सुनेच्या जागी, डंक्यावरची एक बाई नातीच्या जागी. लेंग्याची नाडी घेऊन त्यांनी विमानातला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. पुण्याहून मुलगा मोबाइलवर तालमीला हजर राहणार होता, त्यासाठी एका खुर्चीवर मोबाइल उभा करून ठेवला होता. चार मिनिटांनी तिकडून, "पप्पा, मीटिंग आहे," आलं आणि पडदा काळा झाला. भाऊसाहेबांनी तो काळा मोबाइल तसाच खुर्चीवर ठेवला आणि तालीम पुढे चालू ठेवली. शेडच्या दारात बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून नाडीकडे बघत होत्या.

त्याआधीची एक गोष्ट मला सांगायला हवी. काकूंचं तिकीट संस्थेच्या बायकांबरोबर निघालेलं होतं, खोलीही त्यांच्याबरोबर. भाऊसाहेबांना ते पटेना. एकाच घरचे लोक दोन विमानांनी कसे जाणार? संस्थेला मेल करून काकूंचं तिकीट आणि खोली रद्द करायची, असं ठरवून ते लॅपटॉपसमोर येऊन बसले. काकू शेडमधून आल्या. हात कोपरापर्यंत तिखटाने लाल.

"त्या बायकांसंगं गेले तर बरं पडंल," त्या म्हणाल्या. "त्या समद्या धंद्याच्या बायका हायेत. पहिल्या दिवशी सकाळीच माल मांडायचाय. तुमचं इमान त्या दिवशी दुपारी पोचायलंय."

"आन आमी काय परके हावोत?"

"तसं न्हाई म्हनले मी."

"मग कावून येगळं जायचं? लोक काय म्हनतील, बायको एकीकडं आन हे एकीकडं?"

तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारली आणि भाऊसाहेब ओट्यावर गेले. काकू दारातच उभ्या राहिल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, तू सांग की त्यान्ला, आता बदलता येत न्हाई म्हनून. संगनकावर बंद झालंय म्हन. तुजं ऐकतेत ते."

खोटं अगदी लहान होतं. भाऊसाहेबांना त्यातलं काही कळत नव्हतं, मी म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. पण त्याच सकाळी त्यांनी मला सांगितलं होतं की आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव त्यांचे मेहुणे लागतात, यंदा एक जागा भरायची आहे आणि ते माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. चौथं वर्ष तासिकांवर काढायची माझी तयारी नव्हती. भाऊसाहेब आत आले. मी मेल पाठवला. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कारळं भाजायला निघून गेल्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. थोडं सुनेने सांगितलं, बाकीचं काकूंनी.

सून सांगत होती, की सासऱ्यांनी समुद्रावर पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, घड्याळ लावलं आणि बरोबर वीस मिनिटं पाण्यात उभे राहिले. विसाव्या मिनिटाला बाहेर. मुलगा वाळूत पाठ करून मोबाइलवर बोलत होता. आठही दिवस तो मोबाइलवरच होता, फक्त मागची दृश्यं बदलत होती. नातीला वाळूत खेळायचं होतं, तिला ओढत बसमध्ये घातलं. जेवायला बसलं की भाऊसाहेब पुढच्या ओळीचं वाचन करायचे. एका फोटोत सगळे ओळीने उभे आहेत, पाठीमागे ती उंच इमारत, आणि कोणीही कोणाकडे बघत नाही.

काकू प्रदर्शनात पोचल्या त्या दुपारी तीनला. त्यांचं टेबल लातूरकडच्या एका बाईने मांडून ठेवलं होतं. तीन दिवसांतले दोनच तास मिळाले, पुढे तक्ता होता. त्या दोन तासांत एक माणूस आला. मूळचा केरळचा, पण तिकडे त्याची दुकानं होती, बरीच. त्याने कारळाची चटणी बोटाने चाखली, पुढे गेला, परत आला आणि पुन्हा चाखली.

"महिन्याला किती देऊ शकाल?" त्याने हिंदीत विचारलं.

"तुमको कितना होना, वो बोलो," काकू म्हणाल्या.

हे सांगताना काकूंच्या तोंडावर असं काही आलं, की मला त्यांचं दुकानातलं लहानपण दिसलं. त्या माणसाने कार्ड दिलं. परवा अकरा वाजता ऑफिसात या, म्हणाला. दर ठरवू. वर्षभराचं बोलू.

काकूंनी सांगितलं, मी टॅक्सीने एकटी जाते, पत्ता कार्डावर आहे. भाऊसाहेब म्हणाले, परक्या मुलखात बाई एकटी? मग सगळेच गेले. पाचही जण. अकराची वेळ, म्हणून हे साडेनऊला हजर. थंडगार काचेच्या खोलीत ओळीने बसले. काकूंच्या मांडीवर चटणीच्या पुड्यांची पिशवी आणि मी तयार करून दिलेला दराचा कागद. अकरा वाजले. माणूस आला नाही. टेबलावरची मुलगी म्हणाली, साहेब रस्त्यात आहेत. सव्वाअकरा झाले. भाऊसाहेबांनी तक्ता काढला. साडेबाराला उंच इमारतीची तिकिटं होती.

साडेअकराला ते उठले. "आमचा टाइम झाला," म्हणाले.

हे काकू मला शेडमध्ये सांगत होत्या. परत येऊन आठवडा झाला होता, बायका जेवायला गेल्या होत्या, डंका बंद होता. काकू तिळातले खडे निवडत होत्या आणि मान वर न करता बोलत होत्या.

"खाली आलो, लिफ्टचं दार उघडलं, तर समोर तोच मानूस. घामाघूम. मला वळखलं त्यानं. म्हनला, मॅडम, सॉरी, रस्त्यावर गर्दी व्हती, चला वर, पाच मिनिट. आन हे म्हनले, ग्यारा का टाइम दिया था आपने, अब हमारा आगे का प्रोग्राम है."

"मग?"

"मग काय. त्यो आत गेला, आमी भाईर. दार बंद होईस्तोवर त्यो माज्याकडं बगत व्हता. ह्यांच्याकडं न्हाई. माज्याकडं. वाट बगायलता, मी कायतरी बोलंल म्हनून."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"मी काय केलं म्हाइताय? पदर नीट केला."

"काकू, तुम्ही तरी काय करणार होतात?"

"आगं, थांबायचं," त्या म्हणाल्या. "पाय व्हते की मला. त्यांनी माजा हात धरून उठवलं न्हाई, पोरी. ते उठले आन मी उठले. चाळीस वर्सं आसंच. लग्नातून उपाशी उठून आले, कळलं बी न्हाई मला कवा सवय लागली ती."

उंच इमारतीवर त्या गेल्या. तिथून खाली काय दिसलं ते त्यांना आठवत नव्हतं. चटणीच्या पुड्या त्यांनी हॉटेलात झाडायला येणाऱ्या बाईला देऊन टाकल्या. मी त्या माणसाला काकूंच्या नावाने मेल केला, माफी मागितली. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य भाषेत. या वर्षीचा माल दुसरीकडून ठरला आहे, पुढच्या वर्षी प्रदर्शनात जरूर भेटू.

काकूंनी त्यातला "पुढच्या वर्षी" एवढाच शब्द घेतला. पदरात बांधून ठेवावा तसा.

भाऊसाहेब वर्षभर दुबई सांगत होते. पारावर, एस.टी. स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात. बेचाळीस ओळींपैकी एकेचाळीस वेळेत झाल्या, एकीला तिकडच्या माणसामुळे उशीर झाला, तोही आपण भरून काढला. "आन हिचं काम बी झालं," असं शेवटी घालायचे. त्यांना ते खरंच वाटायचं. पत्ता शोधून ऑफिसात नेलं होतं, आता आणखी काय असतं? मुलगा त्या दिवाळीलाही आला नाही. निरंक.

पुढच्या वर्षीची गोष्ट. काकू मोंढ्यात तीळ बघायला गेल्या होत्या. त्यांचा मोबाइल ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. मी शेजारी खुर्चीत उत्तरपत्रिका तपासत होते. फोन वाजला. भाऊसाहेबांनी उचलला.

"हां, बोला. हां, हेच घर. कोन संस्था? हां हां." मग ते ऐकत राहिले. माझा लाल पेन थांबला. "न्हाई न्हाई. आमचं दुबई झालेलं हाय. मागल्या सालीच झालं. समदं बगून झालं... न्हाई, तिला काय इचारायचंय त्यात, संगंच गेलतो आमी. दुसऱ्या कुनाला तरी न्या, तेवढंच एखाद्या गरिबाचं व्हईल."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती. एखाद्या योजनेचा लाभ एकदा मिळालेल्या माणसाला यादीतून वगळावं, तसं सरळ त्यांनी केलं होतं. "लोकान्ला पुना पुना तेच लागतंय," ते म्हणाले. आणि त्याच दमात, "मॅडम, तुमचं काल सचिवसायबाच्या कानावर घातलंय बरं का. यंदा व्हऊन जाईल."

ते मला गप्प ठेवायला असं बोलले नव्हते. तेवढे ते हिकमती नव्हते. ती किंमत माझी मी लावली.

काकू संध्याकाळी आल्या. मोबाइल हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "कुनाचा फोन आलता का गं?"

मी म्हटलं, "मला नाही ऐकू आला. मी वर होते."

ती जागा त्या वर्षी भरली. माझ्या नावाने नाही. सचिवांच्या पुतण्याच्या बायकोची नेमणूक झाली. भाऊसाहेबांना त्याचा खरोखर त्रास झाला, ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी आणखी दोन वर्षं तिथे काढली. तेवढ्यात काकूंच्या चटणीची मागणी उतरत गेली. माजलगावच्या दुकानांनी आधी माल कमी केला, मग बंद केला. अकराच्या सहा बायका झाल्या, सहाच्या तीन. मी तलवाड्याला शाळेत लागले आणि खोली सोडली, तेव्हा शेडमध्ये खताच्या गोण्या लागल्या होत्या. भाड्याने दिली होती.

भाऊसाहेब गेल्या वर्षी वारले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला आठ दिवसांनी कळलं आणि एका रविवारी मी भेटायला गेले.

काकू बैठकीत चटईवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पुढे केला. "आलीस गं पोरी," म्हणाल्या. सून चहा टाकायला आत गेली. भाऊसाहेबांविषयी बोलणं झालं. माझ्या वडिलांच्या आजारपणाची आठवण त्यांनीच काढली.

"मानूस वाईट नव्हता," काकू म्हणाल्या. "लोक म्हनतेत, मी बी म्हनते. माजा राग त्यांच्यावर न्हाई राह्यला आता. माजं मलाच कळलं, की माज्या हातातच खोट व्हती."

"कसली खोट?"

"त्या लोकांनी पुना बोलावलंच न्हाई की. मी लई वाट बगितली. फोन वाजला की हात पुसत पळायची. मग म्हनलं, चटनीतच कायतरी कमी पडलं आसंल. त्या मानसानं दुसऱ्यांदा चाखली, ती बहुतेक चूक काडायलाच. कारळं जास्त भाजले जायलेत, आसं माज्या मनानं घेतलं. तवापासून मी भाजनं कमी केलं. बायका म्हनायच्या, काकू, कच्चट लागायलंय. मी म्हनायची, न्हाई, आसंच पायजे. मग दुकानवाल्यांनी बी माल घेनं सोडलं. पन खरं सांगू का, मला आजून कळलं न्हाई, किती भाजायला पायजे व्हतं."

चहा आला होता. सून कप ठेवून आत गेली. मला तिथे गप्प बसता आलं असतं. आतापर्यंत बसलेच होते, आणि आता तर बोलून कोणाचंच काही बरं होणार नव्हतं.

"काकू, फोन आला होता," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं, पण काही कळल्यासारखं दिसलं नाही.

"पुढच्याच वर्षी. संस्थेचा. तुम्हालाच न्यायचं होतं. तुम्ही मोंढ्यात गेला होतात. भाऊसाहेबांनी उचलला. आमचं झालंय म्हणाले. चटणीत काही नव्हतं, काकू. चटणी चांगलीच होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला कसं म्हाईत?"

"मी तिथेच होते. ओट्यावर. खुर्चीत."

"तू तर म्हनलीस, वर व्हते."

"हो."

"कावून?"

मी सांगितलं. सचिव, जागा, शब्द टाकणं. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा लहान होत होतं.

"लागली का मग नोकरी?"

"नाही."

काकूंनी मान हलवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तळहात उघडून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तो लुगड्याला पुसला आणि कप माझ्याकडे सरकवला.

"चहा घ्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "गार व्हायलाय."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी चहा घेतला. त्या उठून आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत पुन्हा बाहेर आल्या नाहीत.